एनआयसीयूत डॉक्टर म्हणून जॉइन होताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जून-जुलैत आणि बॉन्डच्या (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या) ऑर्डर निघाल्या की माझ्याकडे एनआयसीयूबद्दल (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) तेच ते प्रश्न येतात, कधी रात्री दोनला, कधी जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. मी काही प्रोफेसर नाही, नवजात बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं ड्युट्या केलेला माणूस आहे. डोस आणि प्रोटोकॉल शेवटी तुमच्या युनिटचेच पाळायचे, इथे तयारी कशी करायची तेवढं सांगतोय.

१. माझं फक्त एमबीबीएस झालंय. पीजी नसताना एनआयसीयूत नोकरी मिळते का?

मिळते. खासगी एनआयसीयूत रात्रीची ड्युटी बऱ्याच ठिकाणी आरएमओच (रुग्णालयात राहून ड्युटी करणारे डॉक्टर) बघतात आणि सरकारी एसएनसीयूतही (आजारी नवजात बाळांचा विभाग, प्रश्न २) मेडिकल ऑफिसर म्हणून एमबीबीएस डॉक्टर घेतात, काहींना बॉन्डच्या वर्षातच तिथे टाकतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पाहिजे, ते नसेल तर बाकीचं बोलणंच नको. पण "नोकरी मिळते" आणि "एकट्याने सांभाळता येतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हं. इंटरव्ह्यूतच विचारून घ्या की रात्री बालरोगतज्ज्ञ कुठे असतात, फोन केल्यावर किती मिनिटांत पोचतात. उत्तर गुळमुळीत आलं तर पगार कितीही चांगला असू दे, दुसरीकडे बघा.

२. एनआयसीयू, एसएनसीयू, एनबीएसयू... ऑर्डरवर जे लिहिलंय ते नक्की काय?

सरकारी रचनेत तीन पायऱ्या आहेत. जिथे जिथे बाळंतपण होतं तिथे न्यूबॉर्न केअर कॉर्नर, म्हणजे लेबर रूममधलाच एक वॉर्मर (बाळ गरम ठेवणारं यंत्र) आणि फुगा (मास्कला जोडून हाताने दाबून श्वास द्यायचा). त्यावर एनबीएसयू, साधारण चार बेडचं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, बाळाला स्थिर करायचं आणि गरज पडली तर पुढे पाठवायचं. आणि त्यावर एसएनसीयू, जिल्हा रुग्णालयात, कमीत कमी बारा बेडचं. एसएनसीयूच्या मूळ रचनेत व्हेंटिलेटर आणि मोठी ऑपरेशन्स धरलेली नाहीत, सीपॅप (नाकातून सतत हलका दाब देऊन श्वासाला मदत) मात्र आता बऱ्याच ठिकाणी असतो. एनआयसीयू म्हणजे मेडिकल कॉलेजचं किंवा खासगी, जिथे व्हेंटिलेटर असतो. एसएनसीयूत पोस्टिंग आलं तर एफबीएनसीचं (रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या देखभालीचं) ट्रेनिंग मागून घ्या, चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे एखाद्या मोठ्या युनिटमध्ये नुसतं बघायचं. लोक ते चार दिवस करतात आणि दोन आठवडे टाळतात, खरं शिकायला मिळतं ते त्या दोन आठवड्यांतच.

३. यातच करिअर करायचं असेल तर रस्ता कुठला? डीसीएचवर (बालरोगातला डिप्लोमा) भागेल का?

एमडी किंवा डीएनबी बालरोग, तीन वर्षं. मग नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन डीएम किंवा डीआरएनबी निओनॅटॉलॉजी (नवजात बाळांचं शास्त्र), अजून तीन वर्षं. ज्यांना परत तीन वर्षं नकोत त्यांच्यासाठी नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमची फेलोशिप आहे. डीसीएच झालेल्यांना थेट सुपरस्पेशालिटीला बसता येत नाही, आधी सेकंडरी (डिप्लोमानंतरचं) डीएनबी करावं लागतं, हे खूप जणांना उशिरा कळतं आणि मग चिडचिड होते. आणि कुठलाही डिप्लोमा किंवा फेलोशिप घ्यायच्या आधी तिची मान्यता स्वतः तपासा, "सर म्हणाले चालतं" यावर पैसे भरू नका.

४. जॉइन व्हायला पंधरा दिवस आहेत. काय वाचू?

कमी वाचा! खरंच सांगतो. पंधरा दिवसांत जाड पुस्तक संपवायला निघालेला माणूस पहिल्याच रात्री सिझरच्या कॉलला गोठून उभा राहिलेला मी पाहिलाय, आणि तो माणूस मीच होतो. वाचन सगळं झालेलं, मास्क कुठे आहे तेच माहीत नव्हतं, सिस्टरने हातात दिला तेव्हा बाळाला पहिला श्वास मिळाला.

या पंधरा दिवसांत चारच गोष्टी पक्क्या करा. फुगा-मास्क (प्रश्न ५), गणित (प्रश्न ६), बाळ गरम ठेवणं आणि हात धुणं. शेवटच्या दोन सगळ्यांना फालतू वाटतात म्हणून इथेच सांगून टाकतो. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये पाहिजे, ३६.५ च्या खाली गेलं की गार पडायला लागलं असं समजायचं. गार पडलेल्या बाळाची साखर घसरते, श्वास वाढतो, आणि तुम्ही न्यूमोनिया शोधत बसता. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ न पुसता ओलंच, मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि वॉर्मरखाली ठेवायचं, कारण त्याची उष्णता जाते ती मुख्यतः अंगावरचं पाणी उडून जाताना, पिशवी ते थांबवते. आणि बाळंतपणाच्या खोलीतला एसी बंद करायला सर्जनसमोर तोंड उघडायची प्रॅक्टिस करा, त्यांना उकडतं, बाळ गारठतं.

हात: युनिटमध्ये शिरताना कोपरापर्यंत दोन मिनिटं, मग प्रत्येक बाळाच्या आधी आणि नंतर. घड्याळ, अंगठी, बांगड्या, हातातला गंडादोरा सगळं बाहेर.

५. एनआरपीचा (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवायचा) कोर्स केलाय पण हातात बसत नाही. प्रॅक्टिस कशी करू?

कोर्सचं सर्टिफिकेट फाइलमध्ये लावा आणि सरावाची बाहुली मागून घ्या, बहुतेक मेडिकल कॉलेजांत ती कपाटात धूळ खात पडलेली असते. रोज वीस मिनिटं. मास्क हनुवटी, तोंड आणि नाक झाकेल पण डोळ्यांवर जाणार नाही असा, मान किंचित मागे, फार नाही. तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "दाब... दोन... तीन... दाब... दोन... तीन", म्हणजे मिनिटाला ४० ते ६० श्वास आपोआप बसतात. मनात मोजलं की घाबरल्यावर वेग शंभरावर जातो, म्हणून मोठ्याने.

छाती वर येतेय का हे एकच बघायचं. येत नसेल तर क्रमाने: मास्क परत बसव, डोकं नीट कर, तोंड-नाक साफ कर, तोंड थोडं उघड, दाब वाढव, आणि शेवटी श्वासनलिकेत नळी. नव्वद टक्के लोक थेट नळीवर उडी मारतात (हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, मोजलेला नाही). नीट छाती हलवणारे ३० सेकंदांचे श्वास दिल्यावरही ठोके ६० च्या खाली असतील तरच छातीवर दाब, तीन दाब एक श्वास, मिनिटाला ९० आणि ३०. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला गोल्डन मिनिट म्हणतात, कारण श्वास न घेणाऱ्या बाळाला त्याच्या आत फुगा मिळायला हवा. अपगार स्कोअरची (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले गुण) वाट बघायची नाही, तो नंतर लिहायचा कागद आहे.

आणि घाईघाईत ऑक्सिजन शंभर टक्के लावू नका. ३५ आठवड्यांच्या पुढच्या बाळाला साध्या हवेवर सुरुवात, ऑक्सिजन मोजायचा प्रोब उजव्या हाताला. पहिल्या मिनिटाला ६०-६५ सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) नॉर्मल आहे, पाचव्या मिनिटाला ८०-८५. निळसर बाळ बघून आजूबाजूचे ओरडतात, तुम्ही आकडा बघा.

६. माझं गणित कच्चं आहे. फ्लुइड आणि डोस काढताना घाम फुटतो.

फुटू दे, ज्यांना फुटत नाही त्यांचीच मला भीती वाटते. एक उदाहरण रोज लिहून काढा. बाळ १.२ किलो, पहिला दिवस, किलोमागे ८० मिली. म्हणजे दिवसाचे ९६ मिली, तासाला ४. त्यात दहा टक्के डेक्स्ट्रोज असेल तर साखर किती जाते? टक्केवारी गुणिले किलोमागचे मिली भागिले १४४, म्हणजे १० गुणिले ८० भागिले १४४, साधारण ५.५ मिलिग्रॅम दर किलो दर मिनिट. हे दहा वेगवेगळ्या वजनांवर करा, झोपेत यायला पाहिजे.

आता खरी भीती दशांश चिन्हाची. जेंटामायसिन या अँटिबायोटिकची ८० मिलिग्रॅमची बाटली दोन मिलीची असते. १.२ किलोच्या बाळाला किलोमागे ५ धरले तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१५ मिली. रात्री तीन वाजता कोणी ते १.५ वाचलं की दहापट डोस गेला. म्हणून टिंबाच्या आधी शून्य कायम लिहायचं, औषध आधी पातळ करून मग मोजायचं, आणि दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे काढून बघायचं, "बरोबर आहे ना सिस्टर?" असं विचारून मान हलवून घेणं म्हणजे चेक नाही. रक्त काढतानाही हाच विचार. एक किलोच्या बाळात रक्त जेमतेम ८०-९० मिली, त्यातलं दोन मिली काढणं म्हणजे तुमच्या-माझ्या अंगातून शंभराच्या वर काढल्यासारखं.

७. व्हेंटिलेटर अजिबात कळत नाही. आधी तो शिकू का?

नाही. आधी बबल सीपॅप. त्यात जादू काही नाही, श्वास सोडायची नळी पाण्यात जितके सेंटिमीटर बुडवाल तितका दाब, बाकी सगळं नाकातल्या प्रॉंग्जचं (छोट्या नळ्यांचं) बसणं. पाण्यात बुडबुडे थांबले की कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा बाळाचं तोंड उघडं पडलंय नाहीतर प्रॉंग निसटलाय. नाकाच्या पडद्याला जखम होत नाही ना हे प्रत्येक राउंडला टॉर्च मारून बघा. हे नीट जमलं की निम्म्या बाळांना नळी घालायची वेळच टळते असं मला वाटतं. व्हेंटिलेटर सहा महिन्यांत आपोआप शिकाल, मशीनसमोर उभं राहूनच तो येतो.

८. कॅन्युला (शिरेतली सलाइनची नळी) लागत नाही. चार वेळा टोचून सिस्टरकडे द्यायला लाज वाटते.

लाज पाचव्या टोचणीची वाटायला हवी. दोन प्रयत्न, मग दुसऱ्याच्या हातात. पिवळा २४ नंबर आणि जांभळा २६ नंबर, दोन्ही जवळ ठेवा, पाय आधी गरम करा, उजेड बाजूने पडू द्या. आणि वॉर्डातली जी जुनी सिस्टर आहे ना, तिच्या शेजारी आठवडाभर नुसतं उभं राहून बघा. कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो हात मिळत नाही.

९. इंटरव्ह्यूत काय विचारतात?

एनआरपीचा क्रम, फ्लुइड, साखर कमी झाल्यावर काय (लक्षणं असतील तर दहा टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली, मग चालू ड्रिप), कावीळ कधी घाबरायची (पहिल्या २४ तासांत दिसली तर लगेच), आणि एखादा फसवा प्रश्न. आवडता फसवा प्रश्न म्हणजे "पाणी हिरवं आहे, बाळ ढिलं आहे, काय कराल?" (हिरवं म्हणजे गर्भजलात बाळाची शी मिसळलेली.) जुन्या पद्धतीचे लोक नळी घालून ओढून काढू म्हणतात. २०१५ नंतरच्या गाइडलाइनमध्ये हे रुटीन राहिलेलं नाही, आधी श्वास द्यायचा. दुसरा म्हणजे डोळे तपासायला कुणाला पाठवाल: ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २००० ग्रॅमच्या आतलं बाळ, जन्मानंतर चार आठवड्यांनी, अगदी लहान म्हणजे २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनीच. हे डिस्चार्ज कार्डावर तारखेसकट लिहिता का असं मी स्वतः विचारतो, कारण तारीख नसली की बाळ येत नाही आणि नजर जाते.

१०. पहिल्या दिवशी काय बघू?

बाळं नंतर. आधी क्रॅश ट्रॉली (तातडीच्या सामानाची) स्वतः उघडा, लॅरिंगोस्कोपचं (नळी घालताना घशात बघायचं यंत्र) ० आणि १ नंबरचं ब्लेड आहे का, दिवा लागतो का, नळ्या २.५, ३ आणि ३.५ आहेत का. ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह कुठे, लाइट गेल्यावर काय चालू राहतं. आणि बाहेर पडायचे रस्ते किती, त्यातल्या कुठल्या दाराला कुलूप आहे, अग्निशामक नळकांडं कुठे. जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत आग लागून दहा बाळं गेली, ते कळल्यापासून मी कुठल्याही नव्या युनिटमध्ये गेलो की हे आधी बघतो. जास्तीचं एक्स्टेन्शन बोर्ड, गरम होणारा प्लग दिसला तर लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

११. सिस्टर माझं ऐकत नाहीत, नवीन म्हणून दुर्लक्ष करतात.

तुम्ही त्यांचं ऐकता का ते आधी सांगा. "डॉक्टर, हे बाळ बरं वाटत नाहीये" असं सिस्टर म्हणाली आणि मॉनिटर नॉर्मल दाखवतोय, तर मॉनिटर सोडा आणि बाळाकडे जा. दूध पचत नाही, रंग मळकट झालाय, हालचाल कमी झालीय, इन्फेक्शन असंच सुरू होतं आणि ते आठ तास बाळाजवळ असणाऱ्याला आधी कळतं. मावशींशीही नीट बोला. बाकी अहंकाराच्या मारामाऱ्या प्रत्येक ठिकाणी असतात, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

१२. नातेवाईकांशी काय आणि कसं बोलायचं? आजी तर ऐकतच नाहीत.

आजीला बाहेर ठेवून बापाला इंग्रजीत समजावू नका, घरी गेल्यावर निर्णय आजीच घेणार आहे. बाळ "काचेच्या पेटीत" आहे असं त्या म्हणतात, तोच शब्द वापरा. "सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं नाही" हे तुम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळेल, हसू नका, एवढंच सांगा की आजी, पोटात जितके दिवस जास्त तितकी फुफ्फुसं तयार. मध चाटवणं, गुटी, धुरी याबद्दल डिस्चार्जच्या दिवशी नाही तर पहिल्या दिवसापासून बोला.

रोज एका ठरलेल्या वेळी, एकाच डॉक्टरने, बसून बोलायचं. "सिरियस आहे" हा शब्द एकटा टाकू नका, आज काल पेक्षा बरं, तसंच की वाईट हे सांगा. टक्क्यांत जगण्याची शक्यता विचारतात तेव्हा टक्के देऊ नका. पैशाचं बोलणं टाळू नका. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून, हे माहीत नसल्यामुळे लोक बाळ उचलून घरी नेतात आणि आपण फाइलवर लामा (डॉक्टरांचा सल्ला न मानता गेले) लिहून मोकळे होतो. कागदावर सही घेण्याआधी "काय अडचण आहे?" एवढं एकदा विचारा.

१३. आईला आत घ्यायचं का? आमच्याकडे इन्फेक्शन होईल म्हणून घेत नाहीत.

घ्या. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीला लावून ठेवल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनेही तेच सांगितलं. आई ही व्हिजिटर नव्हे. हात धुणं तिलाही शिकवा (प्रश्न ४), ती डॉक्टरांपेक्षा नीट धुते. दूध येत नसेल तर पावडरच्या डब्याआधी पंप, आणि मग मिल्क बँक. आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक १९८९ मध्ये आपल्या मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, त्यामुळे "हे परदेशी फॅड" असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार ठेवा.

१४. पुस्तक एक सांगतं, सिनिअर दुसरंच करतात. कोणाचं ऐकू?

दोन प्रकार असतात. काही वेळा सिनिअर जुन्या सवयीने करतात, तेव्हा राउंड संपल्यावर बाजूला जाऊन विचारा, बाळाच्या बेडवर वाद नको. पण काही वेळा पुस्तकच दुसऱ्या देशाचं असतं. उदाहरण म्हणजे कूलिंग. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत ३३.५ अंशांवर आणून ७२ तास ठेवायचं, हे पाश्चात्य पुस्तकांत पक्कं आहे. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या हेलिक्स नावाच्या ट्रायलमध्ये मात्र, २०२१ साली छापून आली ती, कूलिंग केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. कारणांवर अजून भांडणं चालू आहेत. म्हणून तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल काय ते बघा, लेखी नसेल तर मागा.

१५. मी प्रेग्नंट आहे. एनआयसीयूत काम करू का?

बहुतेक जणी करतात. युनिटमध्ये लवकर सांगा, लपवून ठेवू नका. पोर्टेबल एक्स-रेच्या वेळी दोन मीटर लांब जा किंवा बाहेर, बाळ धरायचं काम दुसऱ्याला द्या. सीएमव्ही या विषाणूची काळजी डायपर आणि लाळ हाताळल्यावर हात धुण्यावर येऊन थांबते. रात्रपाळी आणि सलग उभं राहणं यावर तुमच्या गायनॅकच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, एचओडीचा (विभागप्रमुखाचा) नाही.

१६. माझ्या ड्युटीत बाळ गेलं. रडू आलं. मी या कामाला लायक नाही का?

रडू येणं आणि लायकी यांचा संबंध नाही. त्या रात्रीच्या नोट्स मात्र तेव्हाच लिहा, वेळेसकट, सकाळी आठवून लिहिलेल्या नोट्स तुम्हालाच फसवतात. आईला बाळ हातात द्या, नळ्या काढून, पुसून, दुपट्यात गुंडाळून, तिला नको असेल तर जबरदस्ती नाही. सिझरमुळे ती वरच्या मजल्यावर असेल तर बाळ तिच्यापर्यंत न्या. बाप मृत्यूचा दाखला आणि पुढे काय करायचं हे विचारेल, त्यामुळे तुमच्या ठिकाणी दाखला कोण देतं, लहान बाळाला कुठे पुरतात, रात्री गाडी मिळते का हे आधीच माहीत करून घ्या, "चौकशी खिडकीवर विचारा" हे उत्तर त्या वेळी देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी कुणा सिनिअरबरोबर बसून केस परत बघा, चूक असेल तर ती कळेल, नसेल तर तेही कळेल. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल तर सायकॅट्रीच्या मित्राला फोन करा, चहावर नाही, पेशंट म्हणून.

१७. मी डावखुरा आहे. लॅरिंगोस्कोप कसा धरू?

हा प्रश्न दर वर्षी येतोच. लॅरिंगोस्कोप सगळ्यांनी डाव्याच हातात धरायचा, डावखुऱ्याने पण आणि उजव्याने पण, ब्लेडची बनावटच तशी आहे. तुमचा तो हात उलट जास्त स्थिर असणार, गोंधळ होतो तो उजव्या हाताने नळी आत सरकवताना, तेवढीच प्रॅक्टिस बाहुलीवर जास्त करा (प्रश्न ५). नळी ओठाजवळ किती सेंटिमीटरवर थांबवायची तर किलोतलं वजन अधिक सहा, दोन किलोच्या बाळाला आठ, आणि मग छातीच्या दोन्ही बाजूंना हवा ऐकून नीट चिकटवायची.